पायांची तळमळ एमआरआयमध्ये दिसेल का?

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय 46, माध्यमिक शाळेत शिक्षिका. गेली बारा-तेरा वर्षं रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळतं आणि पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चाललं की थांबतं, पुन्हा पडलं की सुरू. कितीतरी रात्री दोन-अडीचपर्यंत त्या स्वयंपाकघरातल्या गार शहाबादी फरशीवर अनवाणी फेऱ्या मारत असतात. हिमोग्लोबिन 12.4 आलं. मेंदूचा एमआरआय झाला, तोही नॉर्मल. तेव्हापासून घरी 'सगळं नॉर्मल आहे, तू उगाच मनाला लावून घेतेस' हेच ऐकावं लागतं. मध्यंतरी त्यांच्या वाचनात आलं की या आजारात मेंदूतलं लोह कमी असतं आणि ते एमआरआयने मोजता येतं. भिशीचे पैसे बाजूला ठेवले आहेत. पुण्या-मुंबईला जाऊन मोठ्या मशीनवर तसा एमआरआय करून घ्यावा का, म्हणजे यजमानांची, सासूबाईंची आणि डॉक्टरांचीही खात्री पटेल, असं त्या विचारतात.

प्रिय ताई,

आधी सरळ उत्तर देते. भिशीचे पैसे या एमआरआयवर घालू नका. उपचाराला ते लागतील, आणि तुम्ही शोधताय तो पुरावा त्या मशीनमधून हाती येण्याची खात्री कुणीच देऊ शकणार नाही. पण तुम्ही वाचलंत ते खोटंही नाही. म्हणून ते कुठपर्यंत खरं आहे, हे नीट सांगते.

तुम्ही जे वर्णन केलंय त्याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. थॉमस विलिस या इंग्लिश डॉक्टरांनी 1672 मध्येच अशा रुग्णांबद्दल लिहून ठेवलंय की अंथरुणात पडल्यावर त्यांच्या हातापायांची अशी तगमग होते की झोप लागणं शक्यच नसतं. 1945 मध्ये स्वीडनच्या कार्ल-आक्सेल एकबोम यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला आणि आजचं नाव दिलं. तुमच्या घरात ज्याला 'मनाला लावून घेणं' म्हणतात, त्याची वैद्यकातली नोंद साडेतीनशे वर्षांची आहे.

लोहाशी असलेला संबंधही बराच जुना. स्वीडनमधल्याच नॉर्डलँडर यांनी 1953 मध्ये रुग्णांना शिरेतून लोह दिलं, त्यांना आराम पडला, आणि रक्तातलं लोह ठीक दिसत असूनही आतल्या ऊतींमध्ये ते कमी असू शकेल असं त्यांनी मांडलं. मग हा विचार कित्येक वर्षं मागे पडला. 2000 मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात क्रिस्टोफर अर्ली, रिचर्ड ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या पाठीतून पाणी काढून तपासलं. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असतं ते पाणी. त्यात फेरिटिन, म्हणजे लोह साठवणारं प्रथिन, कमी निघालं. ट्रान्सफेरिन, म्हणजे लोह वाहून नेणारं प्रथिन, जास्त निघालं. लोह कमी पडलं की असंच होतं. त्याच माणसांच्या रक्तात मात्र निरोगी लोकांपेक्षा फरक नव्हता.

तुमच्या भागात हे समजावून सांगायला कालवा पुरेसा आहे. धरण भरलेलं असतं, आवर्तन सुटलेलं असतं, तरी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचा ऊस वाळतो. मेंदू हा असा टेलचा शेतकरी आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पडदा असतो, त्यातून लोह मोजूनमापून आत जातं, आणि या आजारात ते आत पोचण्यातच कुठेतरी अडतं. डोपामिन हे हालचालींना ताल देणारं मेंदूतलं रसायन; ते तयार करणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं, त्यामुळे टेलची ही टंचाई पायांपर्यंत जाणवते.

आता एमआरआय. 2001 मध्ये ॲलन यांच्या गटाने पाच रुग्ण आणि पाच निरोगी माणसं घेतली आणि जिवंत माणसाच्या मेंदूतलं लोह मोजायचा प्रयत्न केला. एमआरआयमध्ये आपल्या अंगातल्या पाण्याचा, खरं तर पाण्यातल्या हायड्रोजनचा, सिग्नल पकडतात. रेडिओलहरींचा एक ठोका दिला की तो सिग्नल उमटतो आणि काही मिलिसेकंदांत विरून जातो. जिथे लोह आहे तिथे आजूबाजूचं चुंबकी क्षेत्र जरासं वाकडंतिकडं होतं, पाण्याचा ताल बिघडतो आणि सिग्नल लवकर विरतो. तो किती लवकर विरला हे मोजलं की तिथल्या लोहाचा अंदाज बांधता येतो.

मी अशा प्रतिमा खूप वेळा पाहिल्या आहेत, आणि अजूनही नजर मेंदूच्या मधल्या भागावर जाऊन थांबते. तिथे आडव्या कापात दोन्ही बाजूंना एकेक तिरकी काळसर रेघ दिसते, काजळाचं बोट ओढल्यासारखी. ती सब्स्टॅन्शिया नायग्रा. लॅटिनमध्ये अर्थ 'काळा पदार्थ'. हे नाव तिथल्या रंगद्रव्यामुळे पडलं, पण एमआरआयमध्ये ती काळी दिसते त्यात मोठा वाटा लोहाचा असतो. ॲलन यांच्या अभ्यासात रुग्णांच्या त्या भागातलं लोह सरासरीने कमी भरलं, आणि ज्याचा त्रास जास्त त्याचं लोह आणखी कमी. काजळ जरा फिकं, असं म्हणू या. पण हा फिकेपणा नुसत्या डोळ्यांना दिसणारा नव्हता, तो हिशेबातून काढावा लागला.

दोन वर्षांनी, 2003 मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या जेम्स कॉनर यांच्या गटाने रुग्णांच्या मृत्यूनंतर मिळालेले सात मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. तिथेही सब्स्टॅन्शिया नायग्राच्याच पेशींत लोह कमी होतं. आणि एक गोष्ट, जी मला प्रत्येक रुग्णाला सांगावीशी वाटते: त्या पेशी मेलेल्या नव्हत्या. पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, तिथल्या पेशी झडत जातात, तसं इथे काही आढळलं नाही. तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही बारीक अक्षरात विचारलंय ना, 'हे पुढे कंपवातावर जाईल का?' त्या भीतीने जागू नका. दोन्ही आजारांत काही औषधं सारखी वापरतात म्हणून हा गोंधळ होतो.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, मग माझाही एमआरआय करून हेच दाखवता येईल की. इथेच अडचण आहे. हे सगळे निष्कर्ष गटांचे आहेत. पाच जणांची सरासरी पाच जणांच्या सरासरीपेक्षा कमी, एवढंच ते सांगतात. एकेकटं पाहिलं तर रुग्णांचे आणि निरोगी माणसांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. 2006 मध्ये अर्ली-ॲलन यांच्याच गटाला असं दिसलं की ज्यांचा त्रास तरुणपणी, 45 च्या आत सुरू झाला त्यांच्यात लोहाची कमतरता दिसते, उशिरा सुरू झालेल्यांत तशी दिसत नाही. 2016 मध्ये सात टेस्लाच्या, म्हणजे फारच ताकदवान मशीनवर, नव्या पद्धतीने मोजलं तेव्हा फरक थॅलॅमस या मेंदूच्या मधल्या भागात आणि लहान मेंदूतल्या एका केंद्रात ठळक निघाला. सब्स्टॅन्शिया नायग्रात तो फक्त झोपेत पाय फार झटकणाऱ्यांमध्ये दिसला. काही अभ्यासांत तर फरक सापडलाच नाही. मशीन वेगळी, हिशेबाची रीत वेगळी, की आकडे बदलतात. वयाप्रमाणेही मेंदूतलं लोह बदलतं. 'एवढ्याच्या खाली म्हणजे आजार' अशी रेघ आजवर कुणी ओढलेली नाही.

समजा, तुम्ही भिशी मोडून हा एमआरआय केलात आणि तुमचा आकडा निरोगी माणसांच्या टप्प्यात आला. तसं होण्याची शक्यता चांगलीच आहे, आणि आजार तरीही असेलच. पण त्या दिवसानंतर घरात तुमचं कोण ऐकेल? आज एक नॉर्मल रिपोर्ट तुमच्या तोंडावर फेकला जातोय, उद्या दोन होतील. मला या गोष्टीची सगळ्यात जास्त काळजी वाटते.

आणि आधीच्या एमआरआयबद्दल. त्यावर 'नॉर्मल' लिहिलंय याचा अर्थ गाठ नाही, रक्तस्राव नाही, पक्षाघाताची खूण नाही. लोह त्यात कुणी मोजलंच नव्हतं. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते, विहिरीत पाणी किती हे त्यावर कुठे लिहिलेलं असतं? यजमानांना हे याच शब्दांत सांगा.

ताई, तुमच्या प्रश्नात एक गृहीत दडलंय. चित्रात दिसलं तरच आजार खरा, असं तुम्हीही मनाशी धरून चालला आहात. हा आजार ओळखायची जगभरातली रीतच मुळी रुग्णाला विचारायची आहे. पाय हलवायची अनावर ओढ होते का, बहुतेक वेळा आतल्या नको वाटणाऱ्या जाणिवेसकट? बसल्यावर किंवा पडल्यावर ती सुरू होते किंवा वाढते का? चालल्यावर, ताणल्यावर निदान तेवढ्यापुरती थांबते का? संध्याकाळी-रात्री जास्त असते का? आणि पोटरीत गोळा येणं, सांधेदुखी, पाय अवघडणं यातलं ते काही नाही ना? तुमच्या पत्रात या पाचही प्रश्नांची उत्तरं मी न विचारता आली आहेत. 'दुखत नाही, पण राहवतही नाही' असं तुम्ही लिहिलंत. यापेक्षा नेमकं वर्णन पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही. डॉक्टरांकडे जाताना ते चार ओळींत कागदावर लिहून न्या, कारण समोर बसल्यावर आपण 'पाय दुखतात' एवढंच म्हणून मोकळे होतो आणि तिथूनच सगळं भरकटतं.

एमआरआय किंवा नसांच्या तपासण्या लागतात त्या वेगळ्या कारणांसाठी. एकाच पायाला त्रास, ताकद कमी वाटणं, तळव्यांना दिवसाही बधिरपणा, कंबरेतून पायात उतरणारी कळ, लघवीवर ताबा न राहणं, असं काही असेल तर थांबू नका. हे वाक्य तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठीही आहे.

मग करायचं काय? जी तपासणी तुमची झालेलीच नाही ती आधी करा. हिमोग्लोबिन ठीक म्हणजे लोह ठीक, हे दुसरं गृहीत, आणि ते डॉक्टरांच्या खोलीतही फार चालतं. शरीर लोहाचा साठा आधी संपवतं, हिमोग्लोबिन शेवटी उतरतं. घरात पाहुण्यांपुढे ताट भरलेलं दिसतं आणि आत डब्यांचा तळ लागलेला असतो, तसं. तुमच्या 12.4 मागे भरलेला डबा आहे की रिकामा, हे सांगते ती फेरिटिनची तपासणी. तिच्यासोबत सीरम आयर्न, टीआयबीसी आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या लोहाच्याच रक्ततपासण्या सांगा. एका एमआरआयच्या पैशांत ही कितीतरी वेळा होईल. सकाळी उपाशीपोटी रक्त द्या, लोहाची गोळी चालू असेल तर निदान आदल्या दिवसापासून बंद ठेवा, आणि ताप किंवा जंतुसंसर्ग असताना करू नका, कारण तेव्हा फेरिटिन खोटंच वाढलेलं दिसतं.

आकडा आला की लॅबच्या छापील 'नॉर्मल' मर्यादेवर समाधान मानू नका. ती मर्यादा पुष्कळदा 10-15 पासून सुरू होते. या आजारात फेरिटिन 75 किंवा त्याहून कमी असेल, किंवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन 20 टक्क्यांच्या खाली असेल, तर लोह द्यायचा विचार करावा असं झोपेच्या आजारांच्या तज्ज्ञांचं आजचं मत आहे. तुमचं फेरिटिन 30 आलं तर कागदावर त्याच्यापुढे कुठलीही खूण नसेल, पण तुमच्यासाठी ते कमीच आहे. डॉक्टरांना हे नम्रपणे दाखवा. बहुतेक जण ऐकतात.

गोळी घेताना एक गोष्ट सांभाळा, ती म्हणजे चहा. सकाळच्या चहाबरोबर घेतलेली लोहाची गोळी बरीचशी वाया जाते. कॅल्शियमच्या गोळीबरोबरही तेच. लिंबूपाणी किंवा आवळ्याबरोबर घ्या. दिवसातून एकदा, किंवा एकाआड एक दिवसही चालतं, कारण रोज दोन-तीनदा घेऊन शोषण वाढत नाही, पोट मात्र बिघडतं. शौचाला काळी होईल, घाबरू नका. परिणाम दिसायला निदान तीन महिने द्या. गोळी सोसत नसेल किंवा पुरत नसेल तर शिरेतून लोह देता येतं आणि त्याचा या आजारात चांगला उपयोग होतो, पण ते हॉस्पिटलमध्ये, देखरेखीखाली, आणि फेरिटिन पाहूनच. आधी तपासणी, मग लोह, हा क्रम मोडू नका. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचा सौम्य प्रकार असलेल्यांचं हिमोग्लोबिन कमी असतं पण लोह भरपूर असू शकतं, आणि अशी माणसं वर्षानुवर्षं उगाच लोह खात राहतात.

साठा रिकामा निघाला तर तो कुठे गेला हेही शोधायला हवं. या वयात पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर ते स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. 'चालायचंच' म्हणून सोडू नका. पुरुष वाचकांना किंवा पाळी गेलेल्या बायकांना लोहाची कमतरता निघाली तर पोटाची, आतड्याची तपासणी टाळू नये.

तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी लाल खूण केली आहे. 'कधीकधी झोप यावी म्हणून सर्दीची गोळी घेते.' ती बंद करा. गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्या हा त्रास वाढवतात. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड आणि नैराश्यावरची बरीचशी औषधंही. नैराश्याचं औषध चालू असेल तर मात्र स्वतःहून थांबवायचं नाही, ज्यांनी दिलं त्यांच्याशी बोलायचं. संध्याकाळची कॉफी सोडून पाहा.

फेरिटिन भरल्यावरही त्रास उरला तर औषधं आहेत. गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन हल्ली आधी वापरतात. त्याने गुंगी, चक्कर येऊ शकते, म्हणून कमी मात्रेपासून सुरुवात करतात. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल ही डोपामिनसारखी काम करणारी औषधं पहिले काही महिने जादू झाल्यासारखी लागू पडतात. पुढे अनेकांचा त्रास उलट वाढतो, रात्री दहाला सुरू व्हायचा तो दुपारी चारला होतो, हातांपर्यंत येतो. अशा वेळी गोळी वाढवून घेण्याचा मोह होतो आणि त्याने आणखी बिघडतं. कुणा वाचकाची ही गोळी चालू असेल तर एकदम बंद करू नका, पण हा बदल दिसला तर डॉक्टरांना लगेच सांगा.

कुठल्या संशोधन संस्थेने अशा एमआरआयच्या अभ्यासात भाग घ्यायला बोलावलं तर जरूर जा. ते पैसे मागणार नाहीत, संमतीपत्रावर सही घेतील, आणि तुमचा आकडा इतर कितीतरी लोकांच्या आकड्यांत मिळून पुढच्यांच्या कामी येईल. 2001 मधल्या त्या पाच रुग्णांनी तेच केलं, म्हणून आज मी तुम्हाला हे लिहू शकतेय.

राहिलं घर. यजमानांना रिपोर्ट दाखवण्याऐवजी एका रात्री दीड वाजता उठवा आणि त्या फरशीवर तुमच्याबरोबर चालायला सांगा. रागाने नको. 'जरा सोबत या' एवढंच. सासूबाईंसाठी तुमच्याच पत्रात एक आठवण आहे: तुमची आई रात्री पायांना लुगड्याचा पदर आवळून बांधायची आणि तुम्हा भावंडांना पोटऱ्यांवर उभं करायची. तुम्ही ती ओघात लिहून गेलात. हा आजार अनेक घरांत पिढ्यान् पिढ्या चालत येतो, आणि तुमची आईही एमआरआय नसलेल्या काळात याच फेऱ्या मारत होती. सासूबाईंना ही आठवण सांगा. त्यांच्या पिढीतल्या कुणाचे ना कुणाचे पाय त्यांनीही तुडवले असतील.

आणि त्याच परिच्छेदात तुमची चौदा वर्षांची मुलगी आहे. शाळेतून आल्यावर अभ्यासाला बसली की पाय हलवत राहते, रात्री 'आई, पाय दाब' म्हणते, आणि तिला तुम्ही 'वाढीचं वय आहे' असं सांगता. कदाचित तसंच असेल. मुलांमध्ये फेरिटिन 50 च्या खाली असेल तर लोहाचा विचार करतात. फेरिटिनसाठी लॅबमध्ये जाल त्या सकाळी तिलाही उपाशीपोटी बरोबर घेऊन जा.